‘आकडा किती आला?’

गेल्या वर्षापर्यंत दर तीन महिन्यांनी नायमेखनमधल्या आम्हां पाच-सहा मराठी घरांत हा प्रश्न फिरत असे. नवीन माणसाला वाटायचं, शेअर बाजाराचं काहीतरी चाललंय. आकडा असायचा आमच्यातल्या एका ताईंच्या रक्तातल्या सीए-१२५ नावाच्या प्रथिनाचा. ताईंना बीजांडकोशाचा कॅन्सर झाला (बोलताना आपण ओव्हरी म्हणतो तोच बीजांडकोश), ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि मग तो आकडा आमच्या सगळ्यांच्याच मागे लागला. १४ आला की कुणाच्या तरी घरी पुरणपोळी, १९ आला की कुजबुज. वास्तविक १४ आणि १९ यांत काडीचा फरक नाही, हे आम्हांला नंतर कळलं. कळलं ते असं की, आमच्यांतले दोघे पेशाने प्रयोगशाळेतले, एकीला डच वैद्यकीय भाषेची सवय, आणि बाकीच्यांना शंका विचारायची भरपूर हौस. मिळेल ते वाचत गेलो. ताईंचं म्हणणं पडलं, ‘माझं नाव घालू नका, पण अंकात लिहा. बायका विचारायला लाजतात.’ म्हणून हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. नेदरलँड्समध्ये दर वर्षी साधारण १३०० बायकांना हा आजार निघतो. भारतात २०२२ साली सुमारे ४७ हजार नवीन रुग्ण झाले, असा आंतरराष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा अंदाज आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या मानाने संख्या लहान, पण आजार लबाड. पोट फुगल्यासारखं वाटणं, चार घास खाल्ले की पोट भरणं, वरचेवर लघवीला लागणं, अशी लक्षणं. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने ‘गॅस झालाय गं’ म्हणून ओवा चावून सोडून द्यावीत अशीच ती. त्यामुळे बहुतेक वेळा निदान होतं तेव्हा आजार पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेला असतो. एकाच टप्प्यावर निदान झालेल्या, एकच औषध घेतलेल्या दोन बायकांपैकी एक दीड वर्षात जाते आणि दुसरी दहा वर्षांनी नातवाच्या मुंजीला उभी असते. हा फरक आधी ओळखता येईल का, आणि शरीरातली कुठली प्रथिनं तो सांगतील, हा शोध गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं चालू आहे. त्यातला एक धागा थेट आपल्या गावातून जातो, पण त्याकडे नंतर येऊ.

सीए-१२५ची गोष्ट अमेरिकेत बॉस्टनला सुरू होते. रॉबर्ट बास्ट आणि त्यांचे सहकारी या कॅन्सरच्या पेशींना नेमकी चिकटेल अशी अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, शोधत होते. एकेक करून तपासत गेले आणि १२५ व्या नंबरची उपयोगी पडली, म्हणून नाव १२५. हे १९८१ साल. दोन वर्षांनी त्यांनी रक्ततपासणी प्रसिद्ध केली. या कॅन्सरच्या १०१ रुग्णांपैकी ८२ टक्क्यांच्या रक्तात आकडा ३५ च्या वर होता, आणि ८८८ निरोगी माणसांपैकी फक्त एक टक्क्यात. आज जगभरच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल ३५ पर्यंत’ असं छापलेलं असतं ते तेव्हापासून. हे प्रथिन म्हणजे साखरेच्या साखळ्या लगडलेला एक अवाढव्य रेणू आहे आणि त्याचा जीन कोणता हे कळायला २००१ साल उजाडलं. म्हणजे वीस वर्षं डॉक्टर एक वस्तू मोजत होते, ती नेमकी काय आहे हे न कळता. विज्ञानात असं बरंच चालतं!

आता पुढची ओळ मात्र लक्षपूर्वक वाचा. सीए-१२५ फक्त कॅन्सरमध्येच वाढतं असं नाही. पाळीच्या दिवसांत वाढतं, गरोदरपणात वाढतं, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतं, यकृत बिघडून पोटात पाणी झालं तरी वाढतं. आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं, पोटाच्या टीबीमध्ये भरपूर वाढतं. पोटात पाणी, वजन घटलेलं, सोनोग्राफीत गोळा आणि सीए-१२५ पाचशे, हे चित्र कॅन्सरचंही असू शकतं आणि टीबीचंही. इथल्या डच डॉक्टरांना टीबी रोज भेटत नाही. तेव्हा आपण भारतातून आलो आहोत, घरात कुणाला टीबी झाला होता, हे आपणच न विचारता सांगावं. त्यात लाज कसली?

तसंच दुसरं. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलं की ‘फुल बॉडी चेकअप’चं पॅकेज घ्यायची हल्ली टूम आहे आणि त्यात पुष्कळदा सीए-१२५ असतंच. निरोगी बाईने ही तपासणी दर वर्षी करून जीव वाचतो का, हे इंग्लंडमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर तपासलं गेलं. लंडनच्या प्रोफेसर उषा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निकाल दिला. दर वर्षी तपासलेल्या आणि न तपासलेल्या बायकांत या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. आजार थोडा लवकर सापडला, पण मरण टळलं नाही. म्हणून निरोगी बाईने हौसेने हा आकडा काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. काढलात आणि ४१ आला, तर पुढचे सहा महिने झोप नाही.

मग या आकड्याचा उपयोग काय? आजार आहे हे एकदा ठरल्यावर मात्र पुष्कळ आहे. केमो सुरू झाल्यावर तो किती वेगाने उतरतो, हे पाहण्यासारखं असतं. ल्योंचे डॉक्टर बेनुआ यू यांच्या गटाने यावरून एक हिशेब बसवला आहे, त्याला केलिम म्हणतात. पहिल्या शंभर दिवसांत निदान तीनदा रक्त तपासायचं आणि उताराचा वेग काढायचा. वेग चांगला असेल तर आजार केमोला दाद देतोय आणि पुढचं चित्र बरं असण्याचा संभव जास्त. सुरुवातीचा आकडा ८०० होता की ३०००, यापेक्षा तो कसा उतरला हे जास्त बोलतं. आपल्याकडे ताप किती चढला यापेक्षा कसा उतरला हे वैद्य बघत असत, तसंच काहीसं.

आता त्या तीन महिन्यांच्या आकड्याकडे येऊ, कारण आमच्यात सर्वांत जास्त वादावादी त्यावर झाली. केमो संपली, आकडा नॉर्मल झाला, बाई बरी आहे. पुढे आजार उलटला तर बहुधा सीए-१२५ आधी वाढतं आणि त्रास काही महिन्यांनी सुरू होतो. कुणालाही वाटेल की दर तीन महिन्यांनी मोजा, वाढला की लगेच केमो द्या. वेळेवर सुरू केलेलं औषध चांगलं, हे तर आजीसुद्धा सांगेल. पण हे खरंच तपासून पाहायचं ठरवलं इंग्लंडच्या गॉर्डन रस्टिन यांनी, आणि त्यात रॉटरडॅमच्या डॉक्टर मारिया व्हान डेर बुर्ख सहभागी होत्या. १४४२ बायकांनी नाव नोंदवलं. त्यांचं रक्त दर तीन महिन्यांनी तपासलं जाई, पण आकडा त्यांनाही सांगायचा नाही आणि त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. ५२९ बायकांचा आकडा नॉर्मलच्या दुपटीवर गेल्यावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सांगून लगेच केमो, दुसऱ्या गटाला काही त्रास किंवा लक्षण दिसेल तेव्हाच. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. लगेच केमो मिळालेल्यांना ती जवळपास पाच महिने आधी मिळाली, पण त्यांचं मध्यक आयुष्य २५.७ महिने, आणि थांबलेल्यांचं २७.१. म्हणजे फरक नाही. उलट ज्यांना आधी केमो दिली त्यांचे चांगले दिवस आधी संपले. केस गळाले, मळमळ सुरू झाली, दवाखान्याच्या खेपा वाढल्या, आणि हातात जास्तीचा एक दिवसही पडला नाही.

हे वाचल्यावर आमच्यातल्या एका काकांचा पारा चढला. ‘माहिती असून गप्प बसायचं म्हणजे काय?’ दुसरी बाजूही आहे, ती सांगायला हवी. हा अभ्यास झाला तेव्हा आजची नवी औषधं नव्हती. आजार एकाच जागी उलटला असेल तर पुन्हा ऑपरेशन करून काहींना फायदा होतो, हेही नंतर दिसलं. म्हणजे आकडा मोजूच नये असं कुणी म्हणत नाही. पण ‘नाही मोजला तर आपण हलगर्जीपणा केला’ ही जी टोचणी असते, तिला आधार नाही. ताईंच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सरळ विचारलं, ‘तुम्हांला आकडा जाणून घ्यायचाय का? दोन्ही चालेल.’ असा प्रश्न डॉक्टर पेशंटलाच विचारतात, हे आपल्या डोक्यात लवकर शिरत नाही! ताईंनी आठवडाभर विचार केला. म्हणाल्या, ‘रक्त द्यायच्या आधी चार दिवस आणि नंतर चार दिवस मी कुणाशी धड बोलत नाही. वर्षातून चार वेळा आठ दिवस, म्हणजे महिना झाला. तो महिना मला परत हवाय.’ त्यांनी मोजणं बंद केलं. तपासायला जातात, त्रास वाटला तर मोजू असं ठरलंय. आणि आम्हीही विचारणं बंद केलं. दुसऱ्या एखाद्या बाईला आकडा कळल्यानेच शांत झोप लागत असेल, तर तिने जरूर मोजावा.

आता आपल्या गावाचा धागा. खेर्ट ग्रोटेप्लाइनवरचं आपलं राडबाउड रुग्णालय सगळ्यांच्या परिचयाचं. आपल्यांतल्या निम्म्या पोरांचा जन्म तिथला. ते सुरू झालं १९५६ साली, त्या वेळी नाव सिंट राडबाउड. तिथेच पुल्स, केनेमान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मदतीने बीजांडकोशाच्या कॅन्सरला चिकटणारी एक अँटिबॉडी तयार केली, ओव्ही-टीएल ३. १९८६ साली ती प्रसिद्ध झाली. मग १९९०च्या सुमारास तिथल्याच लेऑन मासुगर यांनी (पुढे ते तिथे प्रोफेसर झाले) त्या अँटिबॉडीला इंडियमचा किरणोत्सर्गी कण जोडून ती रुग्णांच्या शिरेतून दिली आणि पोटात गाठी कुठे कुठे आहेत याचे फोटो काढले. त्या काळात सीटी स्कॅनला जे दिसत नसे, ते काही वेळा यात दिसे.

पण ही अँटिबॉडी नेमक्या कुठल्या प्रथिनाला चिकटते? ते १९९२ मध्ये लंडनच्या संशोधकांनी शोधलं, आणि पुढे लक्षात आलं की हे तर सीडी४७. हे प्रथिन आपल्या तांबड्या पेशींवरही असतं. शरीरात मेलेल्या, निकामी पेशी खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी फिरत असतात, त्यांना ते सांगतं, ‘मी घरचाच आहे, मला खाऊ नको.’ कॅन्सरच्या पेशी हीच पाटी स्वतःच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावतात. २०१२ साली स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने दाखवलं की बीजांडकोशासकट बऱ्याच कॅन्सरच्या पेशींवर सीडी४७ असतं आणि अनेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये ते जास्त असलेल्या रुग्णांचं आयुष्य कमी भरतं. म्हणजे नायमेखनच्या उंदरांनी १९८६ मध्येच बोट ठेवलं होतं ते एका फार महत्त्वाच्या जागी, फक्त तेव्हा तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. ही पाटी झाकणारी औषधं निघाली, त्यांतलं सर्वांत गाजलेलं मॅग्रोलिमॅब. रक्ताच्या कॅन्सरवर त्याचे मोठे प्रयोग झाले आणि २०२३-२४ मध्ये ते फायदा न दिसल्याने थांबवावे लागले. खूण सापडणं वेगळं आणि तिच्यावर औषध लागू पडणं वेगळं.

रक्ताखेरीज, ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या पातळ चकत्या रंगवूनही प्रथिनं पाहतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर त्यांची जंत्री असते आणि ती वाचून माणूस घाबरून जातो. उदाहरणार्थ, ‘पी५३ अबनॉर्मल’. ताईंच्या भावाने हे इंटरनेटवर शोधलं आणि मिरजेहून रात्री दोन वाजता फोन केला. पण या कॅन्सरचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात पी५३ जवळजवळ सगळ्यांचंच बिघडलेलं असतं. म्हणून ते निदानाला फार चांगलं, आणि कोण किती जगेल हे सांगायला अगदी कुचकामी. वर्गातल्या सगळ्या मुलांनी एकच गणवेश घातला असेल तर गणवेशावरून पहिला नंबर कसा ओळखणार?

त्यापेक्षा प्रोजेस्टेरॉनचं ग्राहक प्रथिन काहीतरी सांगतं. २०१३ साली बऱ्याच देशांनी मिळून २९३३ बायकांच्या गाठी तपासल्या, तेव्हा या नेहमीच्या प्रकारात ते भरपूर असलेल्यांचं आयुष्य जास्त निघालं. आणि सर्वांत बोलकं निघालं ते कॅन्सरचं प्रथिन नव्हेच, तर आपल्याच पहारेकऱ्यांचं. टी पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी गाठीच्या आत शिरल्या आहेत की नाहीत, हे त्यांच्यावरच्या प्रथिनांवरून रंगवून मोजता येतं. फिलाडेल्फियाच्या जॉर्ज कुकोस यांच्या गटाने २००३ साली १८६ गाठी पाहिल्या. ज्यांच्यात या पेशी आत शिरलेल्या होत्या त्यांतल्या ३८ टक्के बायका पाच वर्षांनी हयात होत्या, ज्यांच्यात नव्हत्या त्यांतल्या जेमतेम साडेचार टक्के. २०१७ मध्ये पाच हजारांवर रुग्णांत हेच पुन्हा दिसलं. सीडी८ प्रथिनाच्या पेशी अजिबात नसतील तर मध्यक आयुष्य २.८ वर्षं, भरपूर असतील तर ५.१.

पुण्याचंही नाव इथे घेतलं पाहिजे. गणेशखिंडीतल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट यांनी २००५ साली एका रुग्णाच्या पोटातल्या पाण्यामधून पेशी वाढवल्या आणि या कॅन्सरमध्ये मूळपेशींसारख्या पेशी असतात, त्या नव्याने गाठ उभी करू शकतात, हे दाखवलं. केमोने गवत कापलं जातं पण हरळीची मुळी राहते, ती ही. पुढे त्यांच्या गटाने टीसीएफ२१ आणि स्लग या दोन प्रथिनांच्या तोलावरून या कॅन्सरचे उपप्रकार ओळखायचं काम केलं. विद्यापीठाच्या आवारातून आपण कितीदा गेलो असू, आत हे चाललंय याचा पत्ता नव्हता.

आता तो ‘मध्यक आयुष्य’ शब्द. डॉक्टर ‘मेडियान’ म्हणतात आणि घरी येईपर्यंत त्याचं ‘डॉक्टरांनी तीन वर्षं दिलीत’ असं होतं. कुणी काही दिलेलं नसतं. नायमेखनकरांना हे फीरदाख्सेवरून लगेच समजेल. जुलैत हजारो लोक चार दिवस रोज ३०, ४० नाहीतर ५० किलोमीटर चालतात आणि शुक्रवारी सिंट आनास्ट्राटवरून ग्लॅडिओलस घेऊन शहरात शिरतात. (आपली वारीच, फक्त शेवटी विठोबा नाही.) समजा, निम्मे लोक दुपारी तीनपर्यंत पोचले. म्हणजे मध्यक तीन. याचा अर्थ तुमची शेजारीण तीनलाच पोचेल असा होतो का? उरलेले निम्मे तीननंतरही चालतच असतात, कुणी चार वाजता, कुणी पार संध्याकाळी. आयुष्याच्या बाबतीत तर या मागे राहिलेल्यांची रांग फार लांब असते. वर लिहिलेली सगळी प्रथिनं एवढंच सांगतात की तुम्ही पुढच्या गर्दीत असण्याचा संभव जास्त की त्या लांबच्या रांगेत. नेमकी वेळ कुठलंच प्रथिन सांगत नाही. शिवाय जुने आकडे जुन्या औषधांचे असतात.

शेवटचं प्रथिन सगळ्यांत अवघड, कारण ते एकट्या रुग्णाचं नसतं. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करतात. ज्या बाईला यांचा बिघडलेला जीन आई किंवा वडिलांकडून मिळतो, तिला स्तनाचा आणि बीजांडकोशाचा कॅन्सर होण्याचा धोका बराच जास्त. (वडिलांकडूनही, हे विसरू नका. आपल्याकडे फक्त आईच्या माहेरचं विचारतात.) पण गंमत अशी, की याच बायकांचा कॅन्सर केमोला जास्त दाद देतो. दुरुस्तीचं खातं बंद असल्याने कॅन्सरच्या पेशींनाही स्वतःची मोडतोड सांधता येत नाही. याच कमजोरीवर नेम धरून ओलापरिब नावाच्या गोळ्या निघाल्या. बीआरसीएचा दोष असलेल्या ३९१ बायकांवर अभ्यास झाला. केमोनंतर दोन वर्षं गोळ्या घेतलेल्यांपैकी सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या, आणि नुसत्या साखरेच्या गोळ्या मिळालेल्यांपैकी ४६.५ टक्के. जो रिपोर्ट ऐकून ताईंच्या घरी रडारड झाली, तोच त्यांच्या औषधाची किल्ली निघाला.

राडबाउडमध्ये निकोलीन होखरब्रुखे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी पद्धत बसवली, की आधी गाठीचाच डीएनए तपासायचा आणि दोष दिसला तरच रुग्णाच्या रक्ताकडे आणि घराण्याकडे वळायचं. ताईंच्या बाबतीत रक्तातही दोष निघाला. मग जेनेटिक्सच्या डॉक्टरांनी त्यांच्या हाती एक पत्र दिलं, इथे त्याला फॅमिलीब्रीफ म्हणतात. डॉक्टर स्वतः नातेवाइकांना कळवत नाहीत, ते काम रुग्णाचं. पत्र डचमध्ये, आणि नातेवाईक मिरज, सांगली, इचलकरंजीला. आम्ही चौघांनी बसून त्याचं मराठी केलं. ‘वाहक’ हा शब्द चालेल का, यावर दोन तास गेले. ट्रकचालक वाटतो, असं एकाचं म्हणणं. शेवटी ‘हा दोष अंगी असलेली व्यक्ती’ असं लिहिलं.

भाषांतर सोपं गेलं, पत्र पाठवणं जड गेलं. ताईंच्या एका चुलत्यांनी फोनवर सांगितलं, ‘पोरीचं स्थळ बघतोय. असला कागद घरात नको. लग्न झाल्यावर बघू.’ त्यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या गावात मुलीच्या चष्म्याचा नंबरसुद्धा लपवतात, तिथे ‘घराण्यात कॅन्सरचा जीन आहे’ ही बातमी काय करील, हे आपण आल्प्स बघून आलेल्या लोकांनी विसरू नये. उलट ताईंच्या सख्ख्या बहिणीने, वय ४२, पत्र वाचलं आणि पंधरा दिवसांत मुंबई गाठली. टाटा मेमोरियलचं कॅन्सर जेनेटिक्सचं स्वतंत्र क्लिनिक आहे, तिथे आधी समजावून सांगतात आणि मगच रक्त घेतात. तिच्यातही दोष निघाला. तिने नळ्या आणि बीजांडकोश काढून घेतले. त्या चुलतबहिणीपर्यंत पत्र पोचवावं की नाही, यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. ताईंचं मत असं, की ती २६ वर्षांची आहे, वडिलांना पत्र दिलं म्हणजे तिला दिलं असं होत नाही. त्यांनी तिलाच फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘ताई, मला सहा महिने दे.’

ऑपरेशनच्या बाबतीतही नायमेखनच्या मंडळींचं मोठं काम आहे. हा कॅन्सर बहुतेक वेळा बीजांडकोशात नव्हे, तर शेजारच्या बीजवाहिनीच्या टोकाशी सुरू होतो, असं आता मानतात. पस्तिशी-चाळिशीत बीजांडकोश काढले की पाळी एकदम जाते, अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. म्हणून योआन द हुल्यू आणि सहकाऱ्यांनी विचारलं, आधी नुसत्या नळ्या काढून बीजांडकोश काही वर्षांनी काढले तर? ट्यूबा नावाच्या या अभ्यासाचा निकाल २०२१ साली आला. नुसत्या नळ्या काढलेल्या बायकांना पाळी जाण्याचा त्रास कमी झाला. कॅन्सर तितकाच टळतो का, याचं उत्तर मिळायला मात्र बरीच वर्षं लागतील, तो पुढचा अभ्यास चालू आहे. तोवर बीजांडकोशही काढणं हीच नेहमीची रीत.

काढलेल्या नळ्यांच्या बारीक चकत्या करून पी५३ आणि केआय-६७ या प्रथिनांसाठी रंगवतात. इथे पी५३ कामाला येतं बरं का. कधी कधी आत कॅन्सरची अगदी पहिली ठिणगी सापडते. तीन हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून नायमेखनच्या गटाने २०२२ साली दाखवलं, की अशी ठिणगी सापडलेल्यांना दहा वर्षांत पोटाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका २७.५ टक्के, आणि न सापडलेल्यांना एक टक्क्याच्याही आत. मिरजेच्या बहिणीच्या नळ्या नीट तपासल्या गेल्या का, हा प्रश्न आम्ही इथून विचारायला लावला. उत्तर आलं, तपासल्या, ठिणगी नाही. (त्या दिवशी मात्र पुरणपोळी झाली.)

आणखी एक प्रथिन नुसतं नावापुरतं लक्षात ठेवा, फोलेट रिसेप्टर अल्फा. आजार उलटला आणि नेहमीची प्लॅटिनमची केमो चालेनाशी झाली, तर गाठीच्या निदान ७५ टक्के पेशींवर हे ठळक दिसतं का पाहतात. दिसलं तर मिर्व्हेटक्सिमॅब हे औषध देता येतं. अमेरिकेत ते २०२२ पासून आणि युरोपात २०२४ च्या अखेरीस मंजूर झालं. उलटलेल्या आजारात हे तपासून झालं का, असं विचारायला हरकत नाही.

इथे राहणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. पोट फुगणं, लवकर पोट भरणं हे तीन-चार आठवडे रोजच्या रोज चालू असेल, विशेषतः पन्नाशीनंतर, तर हाउसआर्ट्सकडे जाऊन नेमके शब्द वापरा, आयरस्टोक म्हणजे बीजांडकोश, आणि ‘माझ्या आईला, आत्याला हा आजार होता’ असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. ‘पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी या’ म्हटलं तर दोन आठवड्यांनी खरंच जा, संकोच करू नका. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट मागून घ्या, तो तुमचाच आहे. स्त्रियांच्या कॅन्सरसाठी ओलैफ नावाची रुग्णांची संघटना आहे, तिथे याच आजारातून गेलेल्या बायका फोनवर बोलतात. ताईंना त्यांचा फार आधार झाला, डच मोडकं असूनही.

आणि आम्ही केलेलं ते मराठी पत्र, नावं-गावं गाळून, टाइप करून ठेवलं आहे. दोन पानांचं आहे. कुणाला आपल्या घरी भारतात पाठवायला हवं असेल तर संपादकांकडे निरोप ठेवा, पाठवून देऊ. ‘वाहक’ला आणखी चांगला शब्द सुचला तर तोही कळवा.